विकतानाच सांगा, किती वर्षं चालेल

उंची डिजिटल ऑडिओ बनवणाऱ्या कंपनीने नवा डॅक (डिजिटल संगीताचं ऐकता येणाऱ्या अ‍ॅनालॉग आवाजात रूपांतर करणारं यंत्र) किंवा नवा स्ट्रीमर (नेटवर्कवरून संगीत आणणारं यंत्र) जाहीर केला की सर्वांत आधी कान टवकारतात ते आधीच्या मॉडेलच्या मालकांचे. नवं यंत्र कसं वाजतं हे त्यांना चार दिवसांनी कळलं तरी चालतं. आपल्या यंत्राला अपग्रेड मिळणार का, मिळालं तर पैसे किती, त्यासाठी ते कारखान्यात पाठवावं लागेल का, आणि नाहीच मिळालं तर उद्या त्याला गिऱ्हाईक कोण, हे प्रश्न आधी येतात. या प्रश्नांची उत्तरं बहुतेक वेळा मोघम असतात. ग्राहकांबद्दल आपुलकीचे शब्द भरपूर मिळतात. वर्ष, रक्कम, बदलता येणाऱ्या भागाचं नाव यातलं काही हाती लागत नाही.

माझ्या मते या क्षेत्रातली पुढची चुरस यंत्राच्या आयुष्यावरून व्हायला हवी. पुढच्या पिढीच्या डॅकमध्ये कोणती चिप आहे यापेक्षा तो किती वर्षं वापरता येईल, त्यातलं काय बदलता येईल आणि कंपनीने हात काढून घेतल्यावर त्याचं काय होईल, हे विक्रीच्या दिवशी लेखी सांगणं कंपनीवर बंधनकारक असावं. हा मूठभर हौशी लोकांचा रुसवा समजू नये. नेटवर्कला जोडलेलं प्रत्येक महाग यंत्र आज याच वाटेवर आहे, आणि ऑडिओमध्ये ती वाट जास्त स्पष्ट दिसते, कारण इथे चाळीस वर्षं टिकणारे आणि सात वर्षांत मरणारे भाग एकाच खोक्यात बसवलेले असतात.

आधी आवाजाचा हिशेब करू. १९८२मध्ये कॉम्पॅक्ट डिस्क आली ती १६ बिट आणि सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने (मोजमापं) घेऊन. १६ बिटांत सर्वांत मोठा आणि सर्वांत बारीक आवाज यांमध्ये सुमारे ९६ डेसिबलचं अंतर मावतं. २४ बिटांत १४४ डेसिबल मावतात, पण कागदावर. खोलीच्या तापमानाला रेझिस्टरमधल्या इलेक्ट्रॉनांची वळवळच इतका गोंगाट करते, की आजचे उत्तमातले उत्तम डॅक २० ते २१ बिटांच्या आसपास थांबतात. पुढची भिंत भौतिकशास्त्राची आहे, एखाद्या कंपनीच्या आळसाची नाही. चांगल्या डॅकमधली विकृती, म्हणजे मूळ आवाजात होणारी भेसळ, आज टक्क्याच्या दहा हजाराव्या भागापर्यंत खाली आली आहे. तोच आवाज स्पीकरमधून बाहेर येतो तेव्हा मोठ्या आवाजातल्या खर्जात एक टक्का किंवा त्याहून जास्त विकृती सहज मिसळते, आणि खोली त्याच खर्जात दहा-दहा डेसिबलचे उंचवटे आणि खड्डे तयार करते.

ऐकण्याच्या चाचण्याही हेच सांगतात. ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरन यांनी २००७मध्ये ऑडिओ इंजिनीअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हाय-रेझोल्यूशन, म्हणजे सीडीहून जास्त तपशिलाच्या, संगीताच्या वाटेत मुद्दाम १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झचा टप्पा घातला होता. नेहमीच्या आवाजपातळीला श्रोत्यांना तो ओळखता आला नाही. २०१६मध्ये जोशुआ रीस यांनी १८ प्रयोगांची एकत्र छाननी केली तेव्हा श्रोत्यांनी ५२.३ टक्के वेळा बरोबर ओळखल्याचं निघालं. नुसत्या अंदाजाने ५० टक्के येतात. फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरतो, प्रशिक्षित श्रोत्यांमध्ये वाढतोही, पण तो किती बारीक आहे हे आकडा स्वतःच सांगतो.

म्हणून सगळे डॅक सारखेच, असं मी म्हणत नाही. वीजपुरवठा, आउटपुटचा अ‍ॅनालॉग टप्पा, डिजिटल फिल्टरची निवड, संगणकाकडून यूएसबीमार्गे येणारा विजेचा कचरा अडवण्याची काळजी, या सगळ्यांत कसब लागतं आणि कसबी माणसाच्या कामाला दाम मिळायलाच हवेत. एखाद्या यंत्रासमोर रात्रभर बसावंसं वाटतं आणि दुसऱ्यासमोर अर्ध्या तासात उठावंसं वाटतं, हा अनुभव मी खोटा मानत नाही. मात्र यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. दहा वर्षांपूर्वी नीट बनवलेला डॅक कानाला आज जुना झालेला नाही. आवाजाच्या नावाखाली त्याला निवृत्त करण्याचं कारण उरत नाही. तरीही असे डॅक आणि विशेषतः असे स्ट्रीमर निवृत्त होतात, ते का?

कारण त्यांच्यात एक छोटा संगणक असतो. स्ट्रीमर म्हणजे नेटवर्कचं प्रोसेसर, त्यावरची ऑपरेटिंग सिस्टिम, संगीतसेवांशी बोलण्यासाठीचे परवाने आणि सुरक्षा-प्रमाणपत्रं, शिवाय फोनवरचं अ‍ॅप. यातल्या एकाही गोष्टीचं वय अ‍ॅनालॉग भागाच्या वयाशी जुळत नाही. गूगलचं क्रोमकास्ट ऑडिओ हे स्वस्त उपकरण घ्या. २०१५मध्ये आलं, २०१९च्या सुरुवातीला बंद झालं, लोक मात्र ते वापरत राहिले. मार्च २०२५मध्ये आतल्या एका सुरक्षा-प्रमाणपत्राची मुदत संपली आणि जगभरातली चालू उपकरणं एका दिवसात मुकी झाली. एकही तार जळाली नव्हती. गूगलने काही दिवसांत दुरुस्ती पाठवली म्हणून ती पुन्हा बोलू लागली. हेच एखाद्या बंद पडलेल्या कंपनीच्या, शंभरपट महाग यंत्राच्या बाबतीत झालं तर दुरुस्ती कोण पाठवणार?

जानेवारी २०२०मध्ये वायरलेस स्पीकर बनवणाऱ्या सोनोसने जाहीर केलं, की मे महिन्यापासून काही जुन्या उपकरणांना नवे अपडेट मिळणार नाहीत, आणि जुनं-नवं एकाच जाळ्यात ठेवलं तर नव्यांचेही अपडेट थांबतील. ग्राहक इतके संतापले की कंपनीच्या प्रमुखांना जाहीर माफी मागावी लागली आणि जुन्या-नव्या उपकरणांसाठी दोन वेगळी अ‍ॅप्स काढावी लागली. लोकांनी स्पीकर विकत घेतला होता. तो कधीपर्यंत आपला राहील याची तारीख कुठेतरी ठरलेली आहे, हे त्यांना वर्षांनंतर कळलं.

याच्या उलट उदाहरण स्क्वीझबॉक्सचं आहे, आणि माझ्या दृष्टीने या सगळ्या चर्चेतला तो सर्वांत आश्वासक धागा आहे. स्लिम डिव्हायसेस या छोट्या कंपनीने हे नेटवर्क प्लेअर बनवले. २००६मध्ये लॉजिटेकने ती कंपनी घेतली आणि २०१२मध्ये ही मालिकाच बंद केली. नेहमीच्या न्यायाने ही यंत्रं दोन-तीन वर्षांत अडगळीत जायला हवी होती. पण त्यांचं सर्व्हर सॉफ्टवेअर पहिल्यापासून मुक्त स्रोताचं, म्हणजे कुणालाही पाहता-बदलता येईल असं, होतं. वापरणाऱ्यांनीच ते पुढे चालवलं, नव्या सेवा जोडल्या, नव्या फाइल-प्रकारांना वाट करून दिली. २०२४मध्ये कंपनीची ऑनलाइन सेवा थांबली तरी घरातल्या सर्व्हरवर ही यंत्रं वाजत राहिली, आणि सॉफ्टवेअर लिरियन या नव्या नावाने चालूच आहे. मालिका बंद होऊन एक तप उलटल्यावरही यंत्र चालतं, त्यामागे एकच निर्णय आहे, आणि तो विक्रीच्या आधी घेतलेला होता.

फाइल-प्रकारांची गोष्ट याहून बोलकी आहे. एमक्यूए हे तंत्र डिसेंबर २०१४मध्ये मोठ्या अपेक्षा जागवत आलं. हाय-रेझोल्यूशन संगीत छोट्या फाइलीत घडी घालून पाठवायचं आणि ग्राहकाच्या डॅकमध्ये घडी उलगडायची, अशी कल्पना. पूर्ण उलगडण्यासाठी परवाना असलेला डॅक लागायचा, त्यामुळे कंपन्यांनी परवाने घेतले, डॅकवर खास रंगाचे दिवे बसवले, आणि कित्येकांनी निव्वळ तेवढ्यासाठी चांगले चालणारे डॅक बदलले. स्टुडिओतलं मूळ मास्टर रेकॉर्डिंग जसंच्या तसं ऐकू येण्याचा दावा तपासायला लागणारी दारं मात्र बंदच राहिली. एप्रिल २०२३मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रशासनाखाली गेली, सप्टेंबरमध्ये लेनब्रुक या ऑडिओ कंपनीने तिची मालमत्ता घेतली, आणि जुलै २०२४मध्ये टायडल या संगीतसेवेने एमक्यूए सोडून फ्लॅक हा फाइल-प्रकार स्वीकारला. फ्लॅक मोफत आहे, खुलं आहे, आणि कोणताही डॅक त्यातून निघालेला आवाज वाजवू शकतो. दहा वर्षांचा हा फेरा कशासाठी झाला याचं उत्तर ग्राहकाला कुणी दिलं नाही. नव्या मालिकेचं मुख्य आकर्षण एखादा परवान्याचा दिवा असेल, तर ती मालिका तिच्या मालकाच्या हातात नाही, इतकं या गोष्टीवरून नक्की समजावं.

चिपवर उभ्या राहिलेल्या मालिकांचंही तेच. ऑक्टोबर २०२०मध्ये जपानमधल्या नोबेओका इथे असाही कासेई समूहाच्या एकेएम या चिप कंपनीच्या कारखान्याला आग लागली. अनेक दिवस धुमसणाऱ्या त्या आगीने डॅकच्या जगातला एक मुख्य पुरवठा तोडला. कितीतरी कंपन्यांना चालू मॉडेल थांबवावी लागली किंवा ईएसएस या दुसऱ्या कंपनीच्या चिपभोवती सर्किट नव्याने आखावं लागलं. ज्या चिपच्या नावाने कालपर्यंत 'मखमली' आवाजाची जाहिरात चालली होती, तिच्या जागी दुसऱ्याच घराण्याची चिप बसली आणि यंत्राचं नाव जवळपास तेच राहिलं. यात कंपन्यांना दोष देता येत नाही, संकटच तसं होतं. पण चिपचा क्रमांक म्हणजे यंत्राचा आत्मा, ही समजूत त्या वर्षी तरी मोडायला हवी होती.

ज्या कंपन्यांनी आवाजाचं रूपांतर स्वतःच्या गणितावर उभं केलं, त्यांची गोष्ट वेगळी आहे. पुन्हा प्रोग्रॅम करता येणाऱ्या एफपीजीए चिपवर आपलं गणित चालवायचं, ही पद्धत कॉर्ड, डीसीएस, पीएस ऑडिओ अशांनी वापरली. पीएस ऑडिओचा २०१४चा डायरेक्टस्ट्रीम डॅक मला यात आदर्श वाटतो. कंपनी त्याच्यासाठी वर्षानुवर्षं नवं फर्मवेअर (यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर) मोफत देत राहिली, प्रत्येक आवृत्तीला कोलोरॅडोतल्या पर्वतांची नावं देत राहिली. फर्मवेअर एसडी कार्डवरून चढवता येई आणि नवी आवृत्ती नाही आवडली तर जुनीवर परतता येई. शेवटची सोय लहान वाटते, पण मालकी म्हणजे काय ते तिच्यात आहे. आपल्याला विचारल्याशिवाय आपल्या यंत्राचा आवाज बदलू नये, एवढा हक्क तरी असायला हवा की नको?

हार्डवेअर अपग्रेडचा मार्ग महाग असला तरी प्रामाणिक असू शकतो. डीसीएसने २०२२मध्ये आपल्या रिंग डॅक या रूपांतर-सर्किटचं एपेक्स हे रूप आणलं, तेव्हा रॉसिनी आणि विवाल्डी या आधीच्या मालिकांच्या मालकांनाही पैसे भरून तो बोर्ड बसवून घेण्याची सोय ठेवली. रक्कम साधी नव्हती. त्या पैशांत एखादा उत्तम डॅक नवा आला असता. तरीही जुनं यंत्र विकून तोटा सोसण्यापेक्षा, आणि एक धडधाकट खोकं बाजारात ढकलण्यापेक्षा, हे बरं. स्कॉटलंडच्या लिन कंपनीने सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपासून एलपी१२ हा टर्नटेबल (तबकड्या वाजवण्याचं यंत्र) सतत विकला आहे, त्याचे भाग सुधारत राहून. सुरुवातीच्या काळातला एलपी१२ आजच्या भागांनी सजवता येतो. ही शिस्त यांत्रिक वस्तूला सोपी आणि डिजिटलला अवघड असते हे खरं, पण अशक्य नाही.

मॉड्यूलच्या बाबतीत मात्र सावध राहावं. बदलता येणाऱ्या कार्डांची कल्पना एनएडी आणि शीट या कंपन्यांनी बऱ्यापैकी निभावली आहे. पण 'मॉड्यूलर' हा शब्द छापणं फुकट असतं. खाच ठेवली आणि पुढे कार्डच बनवलं नाही, किंवा कार्डाची किंमत नव्या यंत्राच्या जवळ नेली, तर ती खाच शोभेची. कधी कधी तर दर दोन वर्षांनी थोडं अर्धवट कार्ड देऊन पुढच्या कार्डाची भूक लावणं हाच धंदा होतो. म्हणून माझा प्रश्न खाच आहे का हा नसतो. गेल्या दहा वर्षांत या कंपनीने स्वतःच्या जुन्या मालकांना किती वेळा काय दिलं, हा असतो.

भविष्यातल्या मालिकेची माझी कल्पना साधी आहे. लवकर म्हातारं होणारं आणि सावकाश म्हातारं होणारं वेगळ्या खोक्यांत ठेवा, किंवा निदान असं ठेवा की एक काढून दुसरं जगेल. वीजपुरवठा, अ‍ॅनालॉग टप्पा, पेटी, ध्वनिनियंत्रण हे दीर्घायुषी. नेटवर्कचा संगणक अल्पायुषी, तो खेळण्याच्या पत्त्याच्या आकाराचा, स्वस्त आणि मालकाला चार स्क्रू काढून बदलता येईल असा. दोघांमधला सांधा सर्वमान्य हवा. ऐंशीच्या दशकातला एसपीडीआयएफचा, म्हणजे एका यंत्रातून दुसऱ्यात डिजिटल आवाज नेणाऱ्या जोडणीचा, सांधा बघा. त्या काळच्या डॅकला आजचा स्ट्रीमर जोडला तर सीडीच्या दर्जाचा आवाज विनातक्रार वाजतो. एवढं टिकाऊ आणि एवढं साधं मानक या क्षेत्राने पुन्हा क्वचितच दिलं आहे. उलट एचडीएमआयची केबल वापरून आयटूएस (यंत्राच्या आतल्या चिपांमध्ये धावणारा डिजिटल आवाजाचा संकेत) पाठवण्याची जी पद्धत उंची यंत्रांत आली, तिच्यात कोणत्या पिनेवर काय, यावरही कंपन्यांचं एकमत नाही.

दीर्घायुषी भागालाही मरण आहे, पण ते दुरुस्त करण्याजोगं आहे. वीजपुरवठ्यातला सर्वांत आधी थकणारा भाग म्हणजे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. त्याच्यावर १०५ अंशांना २,००० तास असं आयुष्य छापलेलं असतं. तापमान दर १० अंशांनी उतरलं की ते ढोबळमानाने दुप्पट होतं, म्हणजे ४५ अंशांना कागदावर सव्वा लाखाहून जास्त तास, अहोरात्र चालू ठेवलं तरी चौदा वर्षांच्या पुढे. त्यानंतर मूठभर स्वस्त भाग बदलले की यंत्र पुन्हा तितकंच चालतं, अट एवढीच की सर्किटचा नकाशा मिळावा आणि पेटी फोडल्याशिवाय उघडावी.

कायद्याचं या बाजूने पाऊल पडू लागलं आहे. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४पासून इंटरनेटला जोडता येणारं ग्राहकोपयोगी उपकरण विकताना सुरक्षा-अपडेट किमान कधीपर्यंत मिळतील ते जाहीर करावं लागतं. युरोपीय संघाचा सायबर रेझिलिअन्स कायदा डिसेंबर २०२४मध्ये अंमलात आला असून त्याची मुख्य बंधनं डिसेंबर २०२७पासून लागू होतील. त्यात सर्वसाधारणपणे किमान पाच वर्षं आधार देण्याची अट आहे. दोन्ही चांगलं आहे, पण पाच वर्षं हा आकडा फोनला शोभतो. आयुष्यभर सोबत राहील असं सांगून विकल्या जाणाऱ्या वस्तूला तो पुरा पडत नाही. युरोपचा २०२४चा दुरुस्तीहक्काचा निर्देश आणखी पुढे जातो, मात्र त्यातली दुरुस्तीची सक्ती वॉशिंग मशीन, फ्रिज, टीव्ही, फोन अशा ठरावीक यादीपुरती आहे, आणि हाय-फाय त्या यादीत नाही. ते यायला हवं. संयुक्त राष्ट्रांच्या आकडेवारीनुसार २०२२मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातला जेमतेम २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेला. उंची ऑडिओचा वाटा त्यात नगण्य असेल. पण सर्वांत महाग आणि सर्वांत कसून बनवलेली वस्तूच जर सॉफ्टवेअरपायी फेकावी लागत असेल, तर स्वस्त वस्तूंच्या उत्पादकांकडून आपण कोणत्या तोंडाने अपेक्षा करायची?

यावर छोट्या कंपन्यांचा आक्षेप रास्त आहे. सात-आठ माणसांच्या कार्यशाळेने पंधरा वर्षांच्या सॉफ्टवेअरची हमी कशी द्यायची? माझं उत्तर असं, की त्यांनी ती देऊच नये. त्यांनी नेटवर्कचा भाग बनवण्याच्या फंदात न पडता डॅक बनवावा, इनपुट सर्वमान्य ठेवावेत आणि नकाशा प्रसिद्ध करावा. ज्यांना नेटवर्क हवंच आहे त्यांनी आधार थांबवताना बूटलोडर (यंत्र सुरू होताना कोणतं सॉफ्टवेअर चढवायचं ते ठरवणारा भाग) खुला करावा, म्हणजे पुढचं काम वापरणारे सांभाळतील. सुरक्षेचं कारण पुढे करून याला नकार दिला जातो. पण ज्या यंत्राला कुणीच अपडेट देत नाही ते जाळ्यात राहिलं तर जास्त असुरक्षित असतं, हे त्याच कंपन्या एरवी सांगत असतात. दुसरा आक्षेप उत्पन्नाचा: लोकांनी नवं घेतलंच नाही तर संशोधनाला पैसा कुठून? अपग्रेड विकून. पैसे देऊन अपग्रेड घेणारा ग्राहक डीसीएसला मिळाला, तसा इतरांनाही मिळेल. २०१८मध्ये ओप्पो डिजिटलने उत्तम डिस्क प्लेअर बनवत असताना नवी उत्पादनं थांबवली, तेव्हा दुरुस्ती आणि फर्मवेअर चालू ठेवण्याचं सोबतच सांगितलं. दुकान बंद करतानाही नीट वागता येतं.

तोवर कानसेनांनी पैसा कुठे घालावा? स्पीकरमध्ये, खोलीतला आवाज सुधारण्याच्या उपचारात, खर्जाच्या दुरुस्तीत आणि सहज दुरुस्त होणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये. डॅक चांगला घ्यावा, पण साध्या इनपुटांचा. स्ट्रीमर स्वस्त आणि वेगळा असावा, दहा वर्षांत दोनदा बदलावा लागेल असं धरून चालावं.

मला सर्वांत जास्त काळजी आता स्पीकरची वाटते. आजवर स्पीकर हा साखळीतला सर्वांत चिवट भाग होता. त्याचा रबरी किंवा फोमचा काठ बदलला की तो दुसऱ्या पिढीच्या हाती जाई. नव्या मालिकांमध्ये अ‍ॅम्प्लिफायर, डॅक, स्ट्रीमर आणि वायरलेसचे भाग त्याच्या पोटात गेले आहेत. आवाजाच्या दृष्टीने ही दिशा अगदी बरोबर आहे, कारण प्रत्येक ड्रायव्हरला (स्पीकरमधल्या आवाज काढणाऱ्या भागाला) त्याच्यापुरतं गणित आणि त्याच्यापुरती ताकद देता येते. पण त्यामुळे सर्वांत दीर्घायुषी वस्तूचं भवितव्य सर्वांत अल्पायुषी भागाशी बांधलं गेलं. अशा स्पीकरच्या मागे एक अ‍ॅनालॉग आणि एक डिजिटल इनपुट असावं, आणि ते इंटरनेट, खातं किंवा अ‍ॅप यांपैकी काहीही नसताना नुसत्या वीजपुरवठ्यावर चालू व्हावं, आवाज कमी-जास्त करण्याचं बटण स्पीकरवरच असावं, आतला नेटवर्क बोर्ड मेला तरी बाकी सगळं वाजत राहावं. पुढच्या मॉडेलची आखणी सुरू असलेल्या प्रत्येक कंपनीला हे आज करता येईल, आणि त्याचा खर्च दर्शनी पट्टीवरच्या चकचकीत अ‍ॅल्युमिनियमहून जास्त येणार नाही.